कुंभारवाड्याची साक्ष : मानवशास्त्राच्या मूलकल्पना व शाखा

(१) विषयप्रवेश

पुणे शहराच्या इतिहासाची साधने धुंडाळणाऱ्या अभ्यासकास कसबा पेठेत एक विलक्षण अडचण जाणवते. या पेठेतील देवस्थाने, वाडे, वेशी व इनामे यांविषयी कागद पुष्कळ बोलतात. परंतु त्याच पेठेत कुंभारवाडा आहे, तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे, भोई आळी आहे, कागदीपुरा आहे. आणि ज्या लोकांच्या धंद्यांवरून या वस्त्यांस नावे पडली, त्यांच्याविषयी तेच कागद बहुतेक मुके आहेत. दप्तरांत कुंभार येतो तो कर भरणारा म्हणून, बलुते घेणारा म्हणून, किंवा एखाद्या तंट्यातील वादी अथवा साक्षीदार म्हणून. तो पुण्यास कोठून आला, त्याचे चाक केवढे होते, मुलगी कोणत्या गावी दिली, लग्नात देवक कोणते बसविले, मातीच्या निरनिराळ्या प्रतींना तो काय म्हणत असे, हे कारकुनास लिहून ठेवण्याचे कारणच पडले नाही.

एवढ्यावरून त्या लोकांना इतिहास नव्हता असे अनुमान काढणे चुकीचे होईल. त्यांचा इतिहास निराळ्या जातीच्या साधनांत आहे: जमिनीखालच्या खापरांत, तोंडच्या शब्दांत, लग्नसंबंधांत, विधींत आणि हातांच्या सवयींत. ही साधने वाचण्याचे जे शास्त्र, तेच मानवशास्त्र होय. त्याच्या मूलकल्पना व शाखा कोणत्या आणि त्यांचा उपयोग इतिहासाच्या अभ्यासकास कसा होतो, हे कसबा पेठेच्या, विशेषतः कुंभारवाड्याच्या उदाहरणाने सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

(२) नाव व व्याख्या

मराठीत या शास्त्रास पूर्वी बहुधा ‘मानववंशशास्त्र’ म्हणत. आजही हा शब्द कानी पडतो. तो सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. त्यातील ‘वंश’ या पदामुळे, माणसांचे वंश कोणते आणि ते कसे ओळखावे एवढाच या शास्त्राचा विषय असावा अशी वाचकाची समजूत होते. वस्तुतः वंशाची कल्पना हे शास्त्र जसजसे प्रौढ होत गेले तसतशी त्याच्या केंद्रस्थानावरून दूर झाली. कशी, ते पुढे येईल. यास्तव ‘मानवशास्त्र’ हेच नाव आम्ही येथे वापरतो.

मानवशास्त्र म्हणजे मनुष्याचा प्राणी म्हणून व समाजात राहणारा, शिकणारा, बोलणारा जीव म्हणून एकत्र केलेला अभ्यास. यातील ‘एकत्र’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वैद्यकास मनुष्याचे शरीर, वैयाकरणास त्याची भाषा, अर्थशास्त्रज्ञास त्याचा व्यवहार अभ्यासावयाचा असतो. मानवशास्त्रज्ञ असे म्हणतो की कुंभाराची पाठ का वाकते, तो मातीला काय म्हणतो, मडके कितीला विकतो आणि संक्रांतीस सुगडी कोणाच्या घरी पोहोचवितो, हे चारही प्रश्न एकाच आयुष्याचे आहेत. ते तोडून विचारले तर उत्तर अपुरे येते. या दृष्टीस समग्रदृष्टी म्हणावे.

दुसरी मूलकल्पना संस्कृतीची. इंग्रज पंडित एडवर्ड टायलर याने १८७१ साली संस्कृतीची जी व्याख्या केली तिचा गाभा असा की ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून मनुष्य ज्या ज्या गोष्टी संपादन करतो त्या सर्वांचा समुच्चय म्हणजे संस्कृती. ‘संपादन करतो’ हे त्यातील मर्म आहे. संस्कृती जन्माने येत नाही, शिकण्याने येते. कुंभाराच्या पोराला चाकावर हात बसविण्यास वर्षे लागतात. ते ज्ञान रक्तातून उतरत असते तर ही वर्षे लागती ना. आपल्याकडे धंदा बापाकडून मुलाकडे जातो म्हणून तो रक्तानेच येतो असा जो समज रुजला आहे, त्याचा निरास या एका कल्पनेने होतो.

तिसरी मूलकल्पना सापेक्षतेची. परक्या समाजाचा आचार आपल्या आचाराच्या मापाने न मोजता, तो पाळणाऱ्यांच्या जीवनात त्याला काय अर्थ आहे हे प्रथम पाहावे, असा हा दंडक आहे. याचा अर्थ सर्वच आचार सारखे चांगले असा नव्हे. न्यायनिवाडा करण्यापूर्वी साक्ष पुरती ऐकून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या शास्त्राच्या मुख्य शाखा चार मानतात: शारीर मानवशास्त्र, पुरातत्त्व, भाषिक मानवशास्त्र व सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र. प्रत्येकीचा परिचय क्रमाने करून देतो.

(३) शारीर मानवशास्त्र व मापांचा दुरुपयोग

मनुष्याची उत्क्रांती, अस्थी, वाढ, रक्तगट, आनुवंशिकता आणि निरनिराळ्या हवापाण्याशी शरीराने घेतलेली जुळवणी हा या शाखेचा विषय. हिचा इतिहास मात्र निष्कलंक नाही, आणि तो हिंदुस्थानाशी व पुण्याशी निकट जोडलेला असल्यामुळे तो टाळून पुढे जाणे उचित होणार नाही.

१९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण, म्हणजे नासिकानिर्देशांक, हा जातिसंस्थेचा उलगडा करणारा धागा मानला. नाक जितके रुंद तितका जातीचा सामाजिक दर्जा खाली, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे सामाजिक श्रेष्ठकनिष्ठतेस त्यांनी हाडाचा आधार देऊ केला. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या जातिविषयक ग्रंथात रिस्ले यांचीच मापे पुन्हा तपासली आणि हा मेळ हिंदुस्थानच्या सर्व प्रांतांत बसत नाही असे दाखविले. गंगेच्या खोऱ्यातील एका भागातून काढलेला नियम महाराष्ट्रास वा द्रविड प्रांतास लागू पडत नव्हता.

घुर्ये यांच्याच एका विद्यार्थिनीच्या वाट्यास याहून कठीण परीक्षा आली. इरावती कर्वे (१९०५–१९७०) या मुंबईस एम. ए. झाल्यावर बर्लिन येथे मानवशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधनास गेल्या. मानवी कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात, ही विषमता वंशाशी निगडित आहे आणि तीवरून युरोपीय मेंदूचे वेगळेपण दिसते, अशी गुरूची धारणा होती. वसाहतींतून आणलेल्या कवट्याही त्या संस्थेच्या संग्रहात होत्या. कर्वे यांनी मापे घेतली आणि विषमतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला. १९३० साली त्यांस पदवी मिळाली. पुढे थोड्याच वर्षांत ही संस्था व तिचे प्रमुख नाझी राजवटीच्या वंशधोरणाचे आधार बनले, हे ध्यानी घेतले म्हणजे परदेशी विद्यार्थिनीने गुरूच्या सिद्धांताविरुद्ध आपली मापे जशीच्या तशी मांडली याचे मोल कळते. मापपट्टीने समाजाची उतरंड रचता येते आणि त्याच मापपट्टीने ती उतरंड खोटीही ठरविता येते. भेद मापणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा आहे.

आजच्या जनुकशास्त्राने हा प्रश्न आणखी स्पष्ट केला आहे. मानवजातीतील आनुवंशिक भिन्नतेचा फार मोठा भाग कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतो. समूहासमूहांतील अंतर त्या मानाने अल्प असते. मग मापे घेऊन लाभ काय, असे वाचक विचारील. लाभ असा की समूहांच्या सरासरींतील ही लहान अंतरे कोण कोणाशी पिढ्यान्‌पिढ्या लग्ने करीत आला याचा माग दाखवितात. ती वाटचालीची खूण आहे. दर्जाची खूण नव्हे. हा भेद मनात ठेवला म्हणजे पुढील विवेचन नीट समजेल.

(४) पुरातत्त्व

दुसरी शाखा पुरातत्त्वाची. लेखनाच्या पूर्वीच्या व लेखनाबाहेरच्या मनुष्यांचा अभ्यास त्यांनी मागे टाकलेल्या वस्तूंवरून करावयाचा, हे हिचे काम. नाणी, ताम्रपट व शिलालेख यांपुरतेच पुरातत्त्व असा आपल्याकडे पूर्वी ग्रह होता. मानवशास्त्राचे अंग म्हणून पाहता फुटके खापर, खाऊन टाकलेले हाड आणि चुलीची राख यांचे मोल ताम्रपटाहून कमी नाही.

कसब्याचेच पाहा. राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ व ७६८ च्या ताम्रपटांत ‘पुण्यविषय’ व ‘पूनकविषय’ ही नावे येतात; पुण्याच्या लेखी इतिहासाचा आरंभ बहुधा तेथून धरतात. परंतु २००४ ते २००६ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी जुन्या पुण्यात जे बचावाचे पुरातत्त्वीय काम केले, त्यातून येथील वस्ती सातवाहनकालापर्यंत मागे जाते असे दिसून आले. म्हणजे ज्या शतकांविषयी ताम्रपट गप्प आहेत, त्या शतकांविषयी कुंभाराने घडविलेले व कोणा गृहिणीने फोडलेले मडके बोलते. कुंभाराचे नाव कागदात नसेल. पण जमिनीखाली त्याच्याइतकी विपुल साक्ष दुसऱ्या कोणाचीच नाही.

पुणे जिल्ह्यातच शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ पर्यंत झालेल्या उत्खननाने ही गोष्ट फार ठळकपणे दाखविली. सुमारे इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातील त्या शेतकऱ्यांच्या गावात संपन्न घरे मध्यभागी होती. कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेस आढळली. लहान मुलांना दोन मडकी तोंडास तोंड लावून घराच्या भुईखाली पुरीत असत. कसब्यातील कुंभारवाडाही वस्तीच्या कडेस, नदीच्या अंगास आहे. तेथील वेशीस कुंभारवेस असेच नाव होते. माती, पाणी व आव्याचा धूर या तिहींच्या सोयीने कुंभार कडेला जातो, हे त्याचे साधे कारण. पण कडेला राहणे हे केवळ सोयीचे असते की दर्जाचेही, हा प्रश्न खापरावरून सुटत नाही. त्यासाठी चौथ्या शाखेकडे जावे लागते. तीन हजार वर्षांच्या अंतराने दिसणाऱ्या दोन सारख्या गोष्टींमध्ये अखंड परंपरा आहे असे एकदम मानणे हाही दोषच होय. साम्य दिसले म्हणजे प्रश्न विचारावा; साम्य हे उत्तर नव्हे.

(५) भाषिक मानवशास्त्र

तिसरी शाखा भाषेची. शब्दाची व्युत्पत्ती सांगून वैयाकरणाचे काम संपते. तो शब्द कोणाच्या तोंडी, कोणत्या प्रसंगी, कोणाशी बोलताना येतो, हे मानवशास्त्रज्ञ पाहतो. या शाखेची बीजे आपल्याकडे फार पूर्वी पेरली गेली आहेत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ग्रामनामे, व्यक्तिनामे व धातू यांच्या आधारे महाराष्ट्रातील वसाहतींचा माग काढण्याचा जो प्रचंड उद्योग केला, त्यातील सर्व अनुमाने आज मान्य होणार नाहीत. परंतु शब्द हे ऐतिहासिक साधन आहे ही त्यांची दृष्टी अचूक होती.

‘कसबा पेठ, तांबट आळी’ एवढा साधा पत्ता घेऊ. ‘कसबा’ हा शब्द अरबी, फारशीच्या वाटेने मराठीत आलेला. अर्थ, बाजाराचे मोठे गाव. ‘पेठ’ हा दक्षिणेकडील द्रविड भाषांतील शब्दाचा सोयरा; कानडीत ‘पेटे’ आहे. ‘आळी’ म्हणजे ओळ, संस्कृत ‘आलि’. ‘तांबट’ हा तांब्यापासून निघालेला, तसाच ‘कुंभार’ हा ‘कुंभकार’ यापासून. शेजारच्या कागदीपुऱ्यातील ‘कागद’ फारशीकडून आला. एका पाकिटावर मावणाऱ्या पत्त्यात राज्यकर्त्यांची, व्यापाऱ्यांची व कारागिरांची भाषा अशी एकावर एक बसली आहे. ही रचना कोणत्याही एका बखरीत सांगितलेली नाही.

याहून महत्त्वाची ती धंद्याची बोली. तांबट तांब्याचे पातेले वा घंगाळ घडविल्यावर हातोडीने सारखे ठोके देऊन त्यास जी झळाळी व बळकटी आणतो, त्या क्रियेस ‘मठारणे’ म्हणतात. मठारलेल्या बंबाच्या अंगावर त्या ठोक्यांच्या ओळी दिसतात. धातू ठोकल्याने कठीण होतो हे ज्ञान त्या एका क्रियापदात साठविलेले आहे. तांब्याच्या भांड्यांची जागा पोलादाने व अ‍ॅल्युमिनियमने घेतली तेव्हा भांडे मोडीत गेले. परंतु भांड्याबरोबर क्रियापदही मोडीत निघते हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. भांडे संग्रहालयात ठेवता येते. क्रियापद बोलणाऱ्याच्या तोंडीच राहते, आणि तो गेला की जाते.

(६) सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र

चौथी शाखा जिवंत समाजाच्या रचनेची व अर्थांची. कुटुंब, विवाह, आप्तसंबंध, देवाणघेवाण, सत्ता, धर्मविधी हे हिचे विषय. हिची विशेष पद्धती म्हणजे क्षेत्रकार्य: ज्या लोकांचा अभ्यास करावयाचा त्यांच्यात दीर्घकाळ राहून, त्यांची भाषा बोलून, त्यांच्या व्यवहारात भाग घेऊन निरीक्षण करणे. ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की याने १९१५ ते १९१८ या काळात पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअँड बेटांवर राहून या पद्धतीचा आदर्श घालून दिला. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ (१९१५) व ना. गो. चापेकर यांचे ‘बदलापूर’ ही पुस्तके मानवशास्त्राचे नाव न घेता याच वाटेने गेलेली आहेत. कर्वे यांनी पंढरीच्या वारीत पायी चालून जे लिहिले त्यात भक्तीचा आनंद जसा आहे तसेच दिंडीतही जातवार निरनिराळ्या पंक्ती बसतात हे शल्यही आहे. वारी दुरून पाहणाऱ्यास पहिले दिसते. दुसरे दिसण्यास सोबत जेवावे लागते.

या शाखेतील दोन संज्ञा येथे आवश्यक आहेत. ज्या गटाच्या आतच विवाह करावा लागतो तो गट अंतर्विवाही. ज्या कुळात वा देवकात विवाह वर्ज्य असतो ते बहिर्विवाही. महाराष्ट्रातील पुष्कळ जातींत देवक सारखे असेल तर सोयरीक होत नाही. झाडाची डहाळी, प्राणी, कित्येक कारागिरांत धंद्याचे हत्यारदेखील देवक म्हणून पुजतात. कर्वे यांनी आप्तसंबंधांवरील १९५३ च्या ग्रंथात दाखविले की उत्तरेत जवळच्या नात्यात लग्न निषिद्ध, तर दक्षिणेत मामाची मुलगी करणे इष्ट; महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर असल्याने येथे दोन्ही प्रकारांचे मिश्रण आढळते. जे ‘पेठ’ व ‘आळी’ या शब्दांनी सांगितले तेच सोयरिकींनीही सांगितले, हे वाचकाच्या लक्षात येईलच.

आता अर्थाचे एक उदाहरण. इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळून तेथे गाढवांचा नांगर फिरविला, आणि पुढे जिजाबाई व बाल शिवाजी यांनी सोन्याचा फाळ लावून ती भूमी पुन्हा वसती केली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. इतिहासकार विचारतो: हे कोणत्या साली घडले, आधार कोणता? मानवशास्त्रज्ञ आणखी एक प्रश्न विचारतो: गाढवच का? शिलाहार व यादव काळातील दानशिलांवर, दान मोडणाऱ्यास गाढवाच्या निमित्ताने घातलेला शाप कोरलेला आढळतो; अशा शिलांस गधेगाळ म्हणतात. तेव्हा गाढवाने जमीन नांगरणे हा त्या काळच्या सर्वांस कळणारा संकेत होता: ही भूमी शापित, येथे राहू नये. सोन्याचा फाळ हे त्या वाक्याचे त्याच भाषेतील उत्तर. सोन्याच्या फाळाची कथा अक्षरशः घडली असो वा नसो, लोकांनी ती जपली याचे कारण या संकेतात आहे.

येथेच कुंभारवाड्याकडे पुन्हा वळावे. ज्या गाढवाने गाव शापित होते, तेच गाढव कुंभाराच्या घरी माती वाहून आणते व त्याच्या पोटास अन्न घालते. एकाच गावात, एकाच काळी, एकाच प्राण्याचे दोन अर्थ. संस्कृती म्हणजे सर्व गावाचे एकमत नव्हे. कोण कोठे उभा राहून पाहतो यावर अर्थ बदलतो. कुंभाराचा दर्जाही असाच दुहेरी. संक्रांतीची सुगडी, नवरात्रातील घट, दिवाळीच्या पणत्या, अंत्ययात्रेतील मडके, यांपैकी एकही त्याच्यावाचून होत नाही. तरी तो राहतो वेशीपाशी. जन्मापासून मरणापर्यंत गावास अपरिहार्य असणे आणि गावाच्या कडेस असणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे जातिसंस्थेचे वर्म त्याच्या एका उदाहरणाने उघड होते.

(७) एक नाव, अनेक लोक

वर चार शाखा निरनिराळ्या सांगितल्या. त्या एकत्र आल्या म्हणजे काय साधते, हे दाखविणारे सर्वांत चांगले उदाहरण कुंभारांचेच आहे.

महाराष्ट्रात ‘कुंभार’ ही एक जात आहे असे आपण बोलतो. प्रत्यक्षात या नावाखाली परस्परांत लग्ने न करणारे अनेक गट आहेत. थोरचाके म्हणजे मोठे चाक वापरणारे, लहानचाके म्हणजे लहान चाक वापरणारे, हातघडे म्हणजे हाताने घडविणारे. शिवाय परदेशी, लाड इत्यादी. पूर्वीची सार्वत्रिक समजूत अशी होती की मूळ कुंभार एक. काळाच्या ओघात त्यांच्यात भेद पडून पोटजाती झाल्या. इरावतीबाईंनी नेमका उलटा पक्ष मांडला. त्यांच्या मते हे गट एका जातीचे तुकडे नव्हेत. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले, मुळातच निराळे असलेले अंतर्विवाही समूह एका धंद्यामुळे एका नावाखाली गोळा झाले. त्यांनी ‘पोटजात’ हाच खरा मूळ घटक मानला, आणि ‘कुंभार’ हे नाव अशा घटकांच्या पुंजक्याचे.

या दोन पक्षांतील निवाडा कसा करावा? एकच मूळ असेल तर निरनिराळ्या गटांच्या शारीर मापांत निकटता दिसावी, चाकाची घडण व मडके घडविण्याची रीत मुळात सारखी असावी, धंद्याचे शब्द एका मुळाचे असावेत, देवके व कुळाचार जुळावेत. मुळे अनेक असतील तर या चारही बाबतीत भेद दिसावेत. म्हणजे मापे शारीर शाखेकडून, चाकाची व भांड्यांची घडण पुरातत्त्वाकडून, शब्द भाषेकडून आणि सोयरीक व कुळाचार सामाजिक शाखेकडून असे चार स्वतंत्र साक्षीदार उभे राहतात. न्यायासनासमोर चार अनोळखी साक्षीदारांची जबानी जुळली म्हणजे तिचे वजन जसे वाढते, तसेच येथे. याच विचाराने पुढे कर्वे व कैलास मल्होत्रा यांनी समान दर्जाच्या आठ ब्राह्मण गटांची शारीर तुलना करून ती १९६८ साली प्रसिद्ध केली. नाव व दर्जा एक म्हणून रक्तही एक, हे गृहीत तेथेही तपासून पाहिल्यावाचून स्वीकारले गेले नाही.

या सिद्धांताविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काही जाती एकातून फुटून अनेक झाल्याची उदाहरणेही आहेत, आणि दोन्ही प्रक्रिया एकाच प्रदेशात चालू शकतात. परंतु प्रश्न विचारण्याची रीत कायमची बदलली, हे निर्विवाद. जातीचे नाव हा पुरावा नसून ज्याचा उलगडा करावयाचा तो विषय आहे, हा यातून मिळणारा धडा होय.

(८) कसब्यापुरते कर्तव्य

हाच धडा कसबा पेठेस लावला तर काय निष्पन्न होते? ‘कुंभारवाडा’ हे नाव धंदा सांगते, लोक सांगत नाही. तेथील कुंभारांचे पूर्वज एकाच वेळी आले की टप्प्याटप्प्याने, एका गटाचे होते की अनेक गटांचे, हे त्या नावातून कळत नाही. तांबट मंडळी पेशवाईत कोकणातून आली असे सांगतात. हे सांगणेही त्यांची कुलदैवते, सोयरिकीची गावे व धंद्याचे शब्द यांच्याशी ताडून पाहिले पाहिजे. ज्या घराण्याचे कुलदैवत दूरच्या एखाद्या डोंगरावर आहे आणि जे दरसाल तेथे जाते, त्या घराण्याने आपल्या आगमनाचा मार्ग स्वतःच्या पायांनी नोंदवून ठेवला आहे. आम्ही केवळ विचारावयास हवे.

आणि विचारण्यास वेळ थोडा आहे. पुण्याच्या कुंभारकामाची मोठी वस्ती आज मुंढव्याजवळ केशवनगरास आहे. हाताने फिरवावयाच्या चाकाची जागा विजेच्या चाकाने घेतली आहे. कसब्यातील जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत, आणि २०२४ साली या पेठेच्या नावाचे भुयारी रेल्वेचे स्थानकही सुरू झाले. यांत शोक करण्यासारखे सर्वच आहे असे नाही; विजेच्या चाकाने कुंभाराची पाठ वाचत असेल तर जुने चाक गेल्याबद्दल अभ्यासकाने हळहळू नये. परंतु प्रत्येक नवा पाया खणताना खापरांचे थर उपसले जातात आणि प्रत्येक वृद्ध कारागिराबरोबर एक शब्दसंग्रह संपतो. ही दोन्ही साधने एकदा गेली की कोणत्याही दप्तरखान्यातून परत मिळणार नाहीत.

करावयाचे काम अवघड नाही. पाया खणला जात असेल तेथे खापरे कोणत्या खोलीवर मिळाली ते टिपावे. चाकाचा व्यास मोजावा, त्याचे चित्र काढावे. हत्यारांची व क्रियांची नावे बोलणाराच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावी. कुलदैवत, देवक व सोयरिकीची गावे विचारावी. मात्र ज्याने सांगितले त्याच्या संमतीवाचून त्याचे नाव वा घरची गोष्ट छापू नये. रिस्ले यांच्या माणसांनी ज्यांची नाके मोजली त्यांस, ही मापे कशासाठी, हे कोणी विचारले अथवा सांगितले असेल असे वाटत नाही. आमच्या अभ्यासात ती चूक पुन्हा होऊ नये. ज्याचा इतिहास लिहावयाचा त्याला तो वाचून दाखविता आला पाहिजे, आणि तो ऐकून त्याने मान खाली घालण्याची वेळ येता कामा नये.

सारांश, मानवशास्त्र हे कागदाचे प्रतिस्पर्धी नव्हे. ज्यांच्याविषयी कागद लिहिला गेला नाही त्यांची जबानी घेण्याची ती रीत आहे. कसब्याच्या इतिहासात गणपती, लाल महाल व वेशी यांची साक्ष होऊन गेली आहे. कुंभारवाड्याची साक्ष अद्याप पुरती नोंदविली गेलेली नाही, आणि साक्षीदार वृद्ध होत चालला आहे.